गर्भाची पहिली शिदोरी

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबते तेव्हा प्रवाशांचे लक्ष बहुधा बटाटेवड्याकडे असते. त्याच वेळी गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडली जात असतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने पेलत नाही, म्हणून अनेक गाड्यांना मागून रेटा देणारी ही इंजिने आजही लागतात. लोणावळा आले की ती सोडवून घेतली जातात आणि तेथून पुढे गाडी स्वतःच्या बळावर धावते.

मानवासह सर्व सस्तन प्राण्यांच्या गर्भाचा आरंभीचा प्रवास काहीसा असाच होतो. फलनानंतरचे पहिले काही दिवस गर्भाची स्वतःची जनुके जवळजवळ मुकी असतात. पेशींचे विभाजन, प्रथिनांची निर्मिती, आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांची जुळवाजुळव ही सारी कामे या काळात आईच्या अंडपेशीत अगोदरच साठवून ठेवलेल्या संदेशांच्या आधारे चालतात. गर्भ स्वतः बोलू लागला की हे संदेश नाहीसे होतात. घाटातल्या इंजिनाशी असलेले साम्य मात्र येथेच संपते. ते इंजिन पुन्हा कर्जतला उतरून दुसऱ्या गाडीच्या कामी येते. मातेचे संदेश एकदाच वापरायचे असतात आणि काम होताच ते नष्टच व्हावे लागतात.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा आहे, असे कोणी समजू नये. मूल न होणाऱ्या स्त्रीला गावात काय ऐकावे लागते, मुलींच्या आहाराकडे कोणत्या वयापासून लक्ष द्यावे, गोठ्यातील म्हैस वारंवार का उलटते, या प्रश्नांचा धागा थेट येथपर्यंत येऊन पोचतो.

मूळ दप्तर आणि नक्कल

तहसील कचेरीतील मूळ दप्तर कोणाला घरी नेता येत नाही. ज्याला गरज असेल त्याने नक्कल काढून घ्यावी आणि तिच्या आधारे आपले काम करावे, अशी रीत आहे. पेशीचा कारभारही असाच चालतो. केंद्रकातील डी.एन.ए. हे मूळ दप्तर होय. त्यातील हव्या त्या नोंदीची नक्कल निघते, तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर पेशीद्रवात येते आणि तेथे ती वाचून प्रथिन तयार होते. प्रथिनांवरच पेशीचे रूप आणि काम अवलंबून असते. सामान्य पेशीत अशी नक्कल फार काळ टिकत नाही. काही मिनिटांत, तासांत, फार तर काही दिवसांत ती मोडीत निघते आणि गरज पडल्यास नवी काढली जाते.

अंडपेशीची गोष्ट वेगळी आहे. अंडाशयात वाढत असताना ती हजारो प्रकारच्या नकला काढते आणि त्यांतील बऱ्याचशा न वाचताच बाजूला ठेवून देते. तिची वाढ पुरी झाली की दप्तर बंद होते, म्हणजे नव्या नकला निघणे जवळजवळ थांबते. त्यानंतर अंडपेशी अंडाशयातून बाहेर पडते, शुक्रपेशीशी तिचा संयोग होतो, एकाच्या दोन पेशी होतात. तरीही कचेरीचे दार मिटलेलेच असते. अगोदर काढून ठेवलेल्या नकलांवरच कारभार रेटला जातो. पहाटे रानात जाणाऱ्याला घरून जी शिदोरी बांधून मिळते तिच्यावरच त्याला दिवस काढावा लागतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

शिदोरी वेळेपूर्वी संपू नये याची व्यवस्था मोठी चतुर आहे. प्रत्येक संदेशाच्या टोकाला एक रासायनिक शेपूट असते. साठवणीतील संदेशांची ही शेपटी आखूड ठेवली जाते आणि त्यामुळे ते वाचले जात नाहीत. योग्य क्षण आला की निवडक संदेशांची शेपटी लांबवली जाते व त्यांपासून प्रथिने बनू लागतात. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत हे संदेश पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांच्या भोवती गोळा करून ठेवलेले असतात, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कोठार आणि वीजघर एकाच आवारात असावे तशी ही रचना आहे.

गोगलगाय, सागरी जीव आणि खाचरातला बेडूक

गर्भाच्या जडणघडणीत मातेचा असा स्वतंत्र वाटा असतो, हे प्रथम ध्यानात आले ते एका गोगलगायीमुळे. गोड्या पाण्यात राहणाऱ्या लिम्निया या गोगलगायीच्या शंखाचा पीळ काहींत उजवा तर काहींत डावा असतो. आनुवंशिकतेचे नेहमीचे हिशेब या पिळाला लागू पडेनात. पिलाला कोणती जनुके मिळाली यावर त्याचा पीळ ठरत नाही, तर त्याच्या आईपाशी कोणती जनुके होती यावर ठरतो, असा उलगडा १९२३ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी केला. पुढे १९३६ साली एथेल ब्राऊन हार्वे या विदुषीने 'सी अर्चिन' या काटेरी सागरी जीवाच्या अंडपेशीचे तुकडे केले आणि ज्यात केंद्रकच नाही असा तुकडा चेतवून पाहिला. दप्तरच नाही अशा त्या तुकड्याचेही विभाजन होत राहिले. १९६४ मध्ये त्याच जीवाच्या अंड्यांना नव्या नकला काढण्यास प्रतिबंध करणारे औषध देऊन पाहण्यात आले. प्रथिनांची निर्मिती आणि सुरुवातीची विभाजने तरीही थांबली नाहीत. संदेश अगोदरपासून साठविलेले असले पाहिजेत, हे यावरून स्पष्ट झाले.

मावळातील शिक्षकांना यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातली भातखाचरे तुडुंब भरली की बांधाच्या कडेला बेडकांच्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके तरंगताना दिसतात. त्यांतील दहावीस अंडी त्याच पाण्यासह काचेच्या भांड्यात घेऊन साध्या भिंगातून पाहावी. अंडी ताजी असतील तर गोलावर प्रथम एक चीर उमटते, मग तिला छेदणारी दुसरी, आणि बघता बघता त्या अंड्याची बारीक दाण्यांची लाडू वळल्यासारखी मूठ होते. झेनोपस या आफ्रिकी बेडकावर १९८२ साली झालेल्या संशोधनानुसार अशी पहिली बारा विभाजने एकामागोमाग एक होतात आणि तोवर गर्भाचे स्वतःचे दप्तर उघडलेले नसते. म्हणजे भिंगाखाली विद्यार्थी जे पाहतात ते त्या पिलाचे कर्तृत्व नसून त्याच्या आईने मागे ठेवलेले काम असते. पाहून झाल्यावर अंडी जेथून आणली तेथेच सोडावी, एवढे पथ्य मात्र पाळावे.

सस्तन प्राण्यांत कारभार कधी पालटतो

बेडकाची अंडी उघड्यावर असतात आणि त्यांना घाई असते. सस्तन प्राण्याचा गर्भ आईच्या पोटात सुरक्षित असल्याने तो सावकाश चालतो. उंदराच्या गर्भात दोन पेशींच्या अवस्थेतच स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर बोलू लागतात. डुकरात ही वेळ चार पेशींच्या सुमारास येते, तर गायीत आठ ते सोळा पेशींच्या दरम्यान.

मनुष्याच्या बाबतीत हे कळण्यासाठी शरीराबाहेर गर्भ वाढविण्याची विद्या साध्य व्हावी लागली. आपल्या राज्यात या विद्येचा मोठा टप्पा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात गाठला गेला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे एका मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला देशातील असा हा पहिला जन्म होय. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ सालीच हे साधले होते, परंतु त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. विज्ञानाच्या इतिहासातील ही दुखरी जागा आहे आणि तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९८८ साली इंग्लंडमधील पीटर ब्रॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मानवी गर्भाची जनुके चार ते आठ पेशींच्या दरम्यान, म्हणजे फलनानंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, खऱ्या अर्थाने जागी होतात. याही आधी, एकपेशी अवस्थेतच त्यांची थोडी कुजबुज सुरू होते, असे अलीकडे आढळले आहे. परंतु कारभार हाती येतो तो तिसऱ्या दिवसाच्या आसपासच.

या वेळी गर्भ कोठे असतो? तो अजून गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे वाटचाल करीत असतो. गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला त्याला आणखी तीन-चार दिवस लागतात. पाळी चुकण्यास तर आठवड्याहून अधिक अवधी असतो. आपल्या पोटात काही घडते आहे याची आईला चाहूल लागण्यापूर्वीच तिची शिदोरी वापरून संपलेली असते.

ती नुसती संपत नाही, मोडून टाकली जाते, याचा वर उल्लेख आला आहे. जुने आदेश रद्द न करता नवे काढले तर कचेरीत जो गोंधळ होतो, तोच पेशीतही होतो. म्हणून मातेच्या संदेशांतच असे काही संदेश असतात की ज्यांपासून बनणारी प्रथिने उरलेल्या संदेशांचा नाश घडवून आणतात. हे काम करणाऱ्या जनुकात दोष असलेल्या काही स्त्रियांच्या अंडपेशींचे फलन होऊनही पुढे एकही विभाजन होत नाही, असे २०२० साली आढळून आले.

दोष कोणाचा?

अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली उंदरांतील एका जनुकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी त्याला 'मेटर' असे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ माता असाच आहे आणि आपल्या मातृ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. हे जनुक नसलेली उंदराची मादी दिसायला धडधाकट असते. तिची अंडपेशी पक्व होते, फलनही होते, परंतु गर्भ दोन पेशींपाशी थांबतो. नराकडून ते जनुक निर्दोष मिळाले तरी उपयोग होत नाही, कारण गर्भाला त्याची गरज पडते त्या वेळी नराचे दप्तर अजून उघडलेलेच नसते.

स्त्रियांच्या बाबतीतही अशी उदाहरणे सापडली आहेत. गर्भाची वाढ न होता वारेचा द्राक्षांच्या घोसासारखा फुगवटा होतो, त्याला आपल्याकडे द्राक्षगर्भ म्हणतात. बहुतेक स्त्रियांत तो एकदाच होतो आणि त्याची कारणे निराळी असतात. काही थोड्या स्त्रियांना मात्र पुनःपुन्हा द्राक्षगर्भ राहतो. अशा काही कुटुंबांत एन.एल.आर.पी.७ या जनुकातील दोष कारणीभूत असल्याचे २००६ साली सिद्ध झाले. हे जनुकही मातृप्रभावी आहे. अशा स्त्रीला तो दोष तिच्या आई आणि वडील या दोघांकडूनही आलेला असतो आणि ती स्वतः पूर्ण निरोगी असते. दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या अंडपेशीच्या साहाय्याने अशा काही स्त्रियांना निरोगी अपत्य झाल्याची नोंद आहे. द्राक्षगर्भ काढल्यानंतर डॉक्टर सांगतील तोवर रक्ततपासणी चालू ठेवणे अत्यावश्यक असते, कारण क्वचित त्याचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. प्रकृती बरी वाटू लागली की ही तपासणी सोडून दिली जाते, म्हणून हे येथे सांगितले पाहिजे.

मातेचे संदेश या शब्दाचा कोणी भलता अर्थ लावू नये. गर्भ टिकला नाही की सुनेला बोल लावण्याची सवय आपल्या समाजातून अद्याप गेलेली नाही. तिने ग्रहणात भाजी चिरली, तिन्हीसांजेला विहिरीवर गेली, तिचा पायगुणच वाईट, असे तिला ऐकवले जाते. अंडपेशीतील संदेश स्त्रीच्या इच्छेने लिहिले जात नाहीत आणि ग्रहणाने पुसलेही जात नाहीत. आरंभीच्या काळात गर्भ नष्ट होण्याचे सर्वांत मोठे कारण गुणसूत्रांच्या संख्येत आपोआप होणारी चूक हे आहे. संदेशांतील दोष त्या मानाने विरळ. शिवाय मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषातील दोषाचाही वाटा असतो. तपासणी पतीपासून सुरू करावी, ती सोपी व स्वस्त असते, असे डॉक्टर सांगतात. गावात हे कोणी ऐकत नाही. सरपंचांनी व शिक्षकांनी सांगितले तर कदाचित ऐकतील.

शिदोरी केव्हा बांधली जाते

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख अपक्व अंडपेशी असतात. त्या तिच्या आईच्या पोटातच तयार झालेल्या असतात. म्हणजे ज्या अंडपेशीतून आपण जन्मलो ती आपल्या आजीच्या उदरात घडली होती. वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात चार-पाचशेच पक्व होतात. वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या या पेशींपैकी एखादी वाढीला लागली की तिच्यात संदेशांची साठवण सुरू होते. या वाढीचा शेवटचा टप्पा सुमारे तीन महिन्यांचा असतो. गर्भधारणेपूर्वीचे हे तीन महिने आपल्या आरोग्ययोजनांत फारसे मोजले जात नाहीत. नोंदणी होते ती पाळी चुकल्यानंतर, आणि तीही बऱ्याचदा तिसऱ्या महिन्यात.

या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन अभ्यास मोलाचे आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांसाठी २००६ साली डॉ. रमेश पोतदार व सहकाऱ्यांनी एक प्रयोग आरंभिला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांपैकी निम्म्यांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज देण्यात आला; इतरांना बटाटा, कांदा अशा कमी पोषणाच्या भाज्यांचा खाऊ मिळाला. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात फरक दिसला नाही. मात्र ज्यांनी गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने हा खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. फार किडकिडीत असलेल्या मातांना मात्र हा लाभ झाला नाही. ४८ ग्रॅम ही मोठी वाढ नव्हे. तरीही तीन महिन्यांची ती अट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा अभ्यास पुणे जिल्ह्यातलाच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा पाठपुरावा केला. गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली, असे त्यांनी २००८ साली मांडले. त्याच मुलामुलींना किशोरवयात, म्हणजे ती स्वतः आईवडील होण्याच्या पुष्कळ आधी, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ पासून हाती घेण्यात आला. बी-१२ आणि फोलेट ही दोन्ही जीवनसत्त्वे डी.एन.ए.वर रासायनिक खुणा उमटविण्याच्या कामी येतात आणि कोणत्या जनुकाची नक्कल निघावी हे या खुणांवर बरेचसे अवलंबून असते.

या परिणामांचे मूळ अंडपेशीतील संदेशांतच आहे, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. मातेचा आहार वारेच्या वाढीवर, तिच्या रक्तावर आणि इतर अनेक गोष्टींवर परिणाम करतो. सुधारलेल्या आहारातून नेमके काय बदलले हे वेगळे काढणे फार कठीण आहे. काळाची बाब मात्र दोन्हीकडून जुळते, एवढे निश्चित म्हणता येते.

मावळापुरते बोलायचे तर, लग्न ठरलेली किंवा नुकतीच सासरी आलेली मुलगी आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भात लावते आणि रात्री सर्वांच्या मागून जेवते. तिच्या ताटात दूध, अंडे, मासळी यांपैकी काय येते हे ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांनी एकदा घरोघर जाऊन पाहावे. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. लोणावळ्याची चिक्की शेंगदाणे व गूळ यांमुळे शक्तिवर्धक खरी, परंतु तिच्यात बी-१२ नाही, हे मावळकरांना रुचले नाही तरी सांगणे भाग आहे. रक्तातील लोह तपासण्याची सोय आरोग्य केंद्रात असते. शाळेतील मोठ्या मुलींना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या दर आठवड्याला देण्याची योजनाही आहे. तिच्याकडे पाहताना ही मुलींच्या आजच्या प्रकृतीची बाब आहे, हेही विसरता कामा नये. मुलगी म्हणजे भावी आई एवढेच नव्हे.

गोठ्यातील गोष्ट

गाय-म्हैस माजावर आली, रेतन झाले आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली, तर शेतकरी ती उलटली म्हणतात आणि दोष रेतन करणाऱ्याच्या माथी जातो. रेतमात्रा किंवा रेतनाची वेळ चुकण्याची शक्यता असतेच. परंतु बऱ्याच वेळा फलन झालेले असते आणि गर्भच आरंभीच्या दिवसांत खुंटलेला असतो. पशुवैद्यांनी गायीचे गर्भ प्रयोगशाळेत वाढविण्यास आरंभ केला तेव्हा ते नेमके आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर अडत. कारभार मातेकडून गर्भाकडे येण्याचा हाच टप्पा होय. द्रावणांत सुधारणा झाल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ साली जन्मलेले 'गरिमा' हे म्हशीचे कृत्रिम जुळे वासरू हा या अभ्यासाचाच पुढचा पल्ला होता. त्या तंत्रात अंडपेशीचे स्वतःचे केंद्रक काढून तेथे दुसऱ्या पेशीचे केंद्रक बसवितात, आणि त्या परक्या दप्तराला पुन्हा पहिल्या पानापासून उघडायला लावण्याचे काम अंडपेशीतील साठाच करतो.

उष्णतेचा ताप या साठ्याला बाधतो. कडक उन्हाळा सोसलेल्या गायींत गाभण राहण्याचे प्रमाण उन्हाळा सरल्यानंतरही काही आठवडे कमी राहते, असे अनेक देशांत दिसून आले आहे; कारण पुढे पक्व होणारी अंडपेशी त्या तापातच वाढत असते. म्हशीचा रंग काळा, घामाच्या ग्रंथी कमी. तिला ऊन अधिकच जाचते. तेव्हा चैत्र-वैशाखात गोठ्यावर भाताच्या पेंढ्याचे जाड आच्छादन, दुपारी अंगावर पाणी किंवा डुंबण्यास डोह, आणि वाळल्या पेंढ्याच्या जोडीला थोडी हिरवी वैरण व क्षारमिश्रण एवढी तजवीज करावी. आषाढात म्हैस उलटली तर रेतनाच्या नोंदीबरोबर गेल्या दोन-तीन महिन्यांतील तिच्या निवाऱ्याची आणि खुराकाची माहितीही पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्यावी.